मुंगीची घुगरी आणि बाळाची मूठ

बस इथं. कान दे. एक नको, दोन्ही दे.

एक मुंगी. लई तिखट. ती गेली बारशाला. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथं तिला गावली एक घुगरी. उकडलेला हरभरा, गरमगरम!

घुगरी घरंगळली. पाळण्यात पडली. बाळानं मूठ मिटली. गप्प! घुगरी आत.

मुंगी जळली. "बाळाला पाळणा, बाळाला टोपडं, बाळाला नाव! वर माझी घुगरी पण बाळालाच?"

तुरुतुरु गेली मुठीकडं. "मुठी मुठी, उघड. घुगरी मिळेना!"

"मेंदू सांगेल तर उघडीन."

तुरुतुरु चढली कानावर. आत ओरडली, "मेंदूदादा, ऊठ. मूठ उघडेना, घुगरी मिळेना!"

"शीर सांगावा आणेल तर उठीन."

"शिरे शिरे, धाव. मेंदू उठेना, मूठ उघडेना, घुगरी मिळेना!"

"पाणी डुलेल तर धावीन."

कानात खोल एक शंख असतो. एवढुस्सा. त्यात पाणी. खोटं नाही सांगत!

"पाण्या पाण्या, डुल. शीर धावेना, मेंदू उठेना, मूठ उघडेना, घुगरी मिळेना!"

"हाडं ठोकतील तर डुलीन."

हाडं तीन. तांदळाएवढी.

"हाडांनो हाडांनो, ठोका. पाणी डुलेना, शीर धावेना, मेंदू उठेना, मूठ उघडेना, घुगरी मिळेना!"

"कानाचा पडदा हलेल तर ठोकू."

"पडद्या पडद्या, हल. हाडं ठोकेनात, पाणी डुलेना, शीर धावेना, मेंदू उठेना, मूठ उघडेना, घुगरी मिळेना!"

"आत्या कुर्रर्र करील तर हलीन."

शेवंताआत्या. बाळाच्या कानात नाव तीच सांगणार. पण बसली होती गाल फुगवून.

"आत्याबाई, कुर्रर्र करा. पडदा हलेना, हाडं ठोकेनात, पाणी डुलेना, शीर धावेना, मेंदू उठेना, मूठ उघडेना, घुगरी मिळेना!"

"मावशीला दोन पेढे, मला एकच! माझा मान कुठाय? पाठीत धपाटा पडेल तर कुर्रर्र करीन."

आत्याच्या मागं पोरं धपाटे घालायला मुठी वळून उभीच होती. म्हणाली, "आधी कुर्रर्र, मग धपाटा!"

"आधी धपाटा!"

"आधी कुर्रर्र!"

मुंगी म्हणाली, "अगं बया! ही तर माझ्यापेक्षा जास्त जळतीय."

चढली आत्याच्या पाठीवर. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि कडकन् चावली!

"आई गं! पडला धपाटा!" आत्या वाकली बाळाच्या कानाशी. "कुर्रर्र! बाळाचं नाव केरबा!"

पडदा हलला. थर्रर्र!
हाडं ठोकली. टक टक टक!
पाणी डुललं. डुबुक!
शीर धावली. सूंऽऽऽ!
मेंदू उठला. "आँ?"
बाळ दचकलं. मूठ उघडली. घुगरी टुण्ण!

पोरांनी घातले धपाटे. धप धप धप!

"अरे मेल्यांनो, परत?" आत्या ओरडली.

मुंगी हसली. खी खी खी. "केरबा, नाव तुझं. घुगरी माझी!" गेली ओढत. तुरुतुरु, तुरुतुरु.

आता तू मूठ मिट बघू. घट्ट! आण कान इकडं. अजून जवळ...

कुर्रर्र!

उघडली का नाही?