चादरीखाली पाहिलेलं

फार वर्षांमागं खाडीकाठच्या एका गावात एक बाई होती. गावातल्या बायकांच्या मय्यतीला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, तीच घालायची. नाव खैरूनबी, पण सगळी तिला खालाच म्हणायची. कोमट पाणी, शेवटच्या तांब्यात कापूर, आणि मय्यतीवर चादर. चादरीखाली हात घालूनच ती अंग धुवायची. हे काम तिला सासूनं शिकवलं होतं. सासू म्हणायची, "दिसेल ते हातांनी धुवावं न् तोंडानं विसरावं. मय्यत काही उठून खुलासा करायला येत नाही गं."

खालानं वीस वर्षं ते पाळलं.

मग अमीरनबी वारली. विधवा बाई, पाच वेळची नमाजी. मागं एकटी मुलगी, शमीम. तिचा निकाह पुढच्या महिन्यात ठरलेला. गुसल देताना अमीरनबीच्या दंडावर खालाला गोंदण दिसलं. हिरवं, पुसट. गोंदण तर आपल्यात हराम, मग अशा नमाजी बाईच्या अंगावर कसं? खालानं चादर ओढून दंड झाकला आणि गप्प राहिली.

आठ दिवस गप्प राहिली. नवव्या दिवशी बायका सुकट वाळवत बसल्या होत्या. एक म्हणाली, "बिचारी अमीरन. उन्हाळ्यात पण बाही कधी वर केली नाही."

खालाच्या तोंडून गेलं, "करेल कशी? दंडावर नाव गोंदलेलं."

"कुणाचं?"

"मला कुठं वाचता येतंय? पण नवऱ्याचं नसणार."

"म्हणजे लग्नाआधीचा कोणी?"

"मी तसं म्हटलं का?" खाला म्हणाली. पण म्हणताना हसली.

त्या हसण्यानं काम केलं. दिवस मावळायच्या आत गोष्ट तीन मोहल्ले फिरली. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईनं निरोप धाडला, "जिची आई अशी, ती मुलगी आम्हाला नको." शमीमनं दार लावून घेतलं ते उघडलंच नाही.

त्या दुपारी जोहरची नमाज पढून खाला जरा आडवी झाली. डोळा लागला.

पाहते तर ती एका मोठ्या मैदानात उभी. मिठागरासारखं पांढरं मैदान, ज्याला काठच नाही. सगळी माणसं अनवाणी, आणि कुणालाच सावली नाही. खालाला आधी भीती वाटली नाही. तिच्या भोवती तिचे रोजे उभे होते, हातात दिवे घेतलेल्या लहान मुलींसारखे. तिच्या नमाजा पांढऱ्या ओढण्या घेऊन मागून चालत होत्या. वाऱ्याला कापराचा वास होता.

पुढं काही माणसं बसलेली दिसली. त्यांची नखं तांब्याची होती. ती आपल्याच नखांनी आपलेच गाल ओरबाडत होती, आणि आवाज अजिबात होत नव्हता.

"ही कोण?" खालानं विचारलं.

शेजारी उभ्या फरिश्त्यानं सांगितलं, "ही दुसऱ्याच्या पाठीमागं त्याची अब्रू खात होती."

तेवढ्यात अमीरनबी आली. खालानंच बांधलेल्या कफनात. रागावलेली नव्हती, नुसती थकलेली. फरिश्त्यानं तिला विचारलं, "तुझं हिच्याकडं काय राहिलंय?"

"माझी चादर," ती म्हणाली. "मला उठता येत नव्हतं, तेव्हा हिनं ती माझ्या अंगावरून काढली."

मग त्या चादरीच्या भरपाईत एक रोजा दिवा घेऊन खालाकडून निघाला आणि अमीरनबीजवळ जाऊन उभा राहिला. मग दुसरा. मग नमाजा निघाल्या, एकामागून एक, मागं न बघता. खाला हाका मारत राहिली. शेवटी तिच्याभोवती नुसतं पांढरं उरलं, आणि अमीरनबीची चादर अजूनही फिटली नव्हती. खालानं तोंड झाकायला हात वर केले. नखं तांब्याची दिसली.

दिवस कलला होता, असरची अजान होत होती. खाला उठली ती तशीच शमीमच्या दारात गेली.

"बेटी, मी बोलले ते," एवढंच तिला बोलता आलं.

शमीमनं दार उघडलं. "नाव नव्हतं ते, खाला. ठिपके होते. अम्मी पाच वर्षांची असताना ताप उतरेना, म्हणून शेजारणीनं गोंदवून आणलं. अम्मीला त्याची जन्मभर लाज वाटली."

खाला मग घरोघर गेली. प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगितलं, "जे पाहिलं ते सांगायचं नव्हतं, आणि जे सांगितलं ते मी पाहिलंच नव्हतं." कुणी पाणी दिलं, कुणी टोमणा. मुलाची आई म्हणाली, "आता आमच्या घरी मय्यत झाली तर तुला बोलवायचं कसं गं?" खाला मान खाली घालून उभी राहिली, पण हलली नाही. मुलाच्या आईनं शेवटी ऐकलं.

निकाह झाला. शमीम सासरी निघताना खालानं तिचे हात धरले. "मला माफ केलंस?"

"माझं मी केलं, खाला," शमीम म्हणाली. "अम्मीचं मला कसं करता येईल? ते तुम्हाला तिथंच मागावं लागेल."

तात्पर्य एवढंच: पाक बाईवर खोटा आळ घेणं हा फार मोठा गुनाह आहे. जिवंत माणसाची माफी उंबऱ्यावर मिळते, गेलेल्याची मागायला हशरच्या, म्हणजे कयामतच्या निवाड्याच्या, मैदानापर्यंत जावं लागतं.