वडगिरीचा अर्धा रुपया

“…तीनशे, अडीचशे, की अडीच हजार? आबा, तुम्हीच सांगा. यातला खरा आकडा कोणता?”

मुकुंद शेवडेनं तिन्ही पुस्तकं आबांच्या पुढ्यात उघडी ठेवली. तिन्हींत एकाच नाण्याची नोंद होती. वडगिरी संस्थानचा चांदीचा अर्धा रुपया, महाराजांच्या राज्यारोहणाच्या दिवशी पाडलेला. एवढं तिघांनाही मान्य होतं. असे किती पाडले आणि आज त्याची किंमत काय, यावर मात्र तिघांची तोंडं तीन दिशांना.

आबा रेठरेकर नदीकाठच्या मठात एका खोलीत राहत. वय चौऱ्याऐंशी. नाण्यांचा सगळा संग्रह संग्रहालयाला देऊन हात झाडून बसलेले. तरी एखाद्या नाण्याला आबांनी मान डोलावली, की सगळा बाजार मान डोलवायचा.

पहिलं पुस्तक आबांचं. दुसरं मुकुंदचं. तिसरं कुणा उपटसुंभाचं, असं मुकुंदच म्हणे.

अकरा वर्षं तो आबांच्या हाताखाली शिकला होता. आबांच्या पुस्तकाची छापखान्यात द्यायची प्रत त्यानंच लिहून काढली होती. मग एक दिवस स्वतःचं पुस्तक काढून चालता झाला. गुरूची विद्या गुरूला, असं लोक बोलले. मुकुंदनं ते मनाला लावून घेतलं नाही. त्यानंतर अठरा वर्षं तो मठाची पायरी चढला नव्हता.

आज चढला, कारण अगदी गळ्याशी आलं होतं.

“एवढी घाई कसली?” आबांनी विचारलं.

“उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय. माझ्या पुस्तकात अडीचशे आहेत, म्हणून किंमत नऊ लाख. त्या तिसऱ्यात अडीच हजार आहेत, म्हणून चाळीस हजार. गिऱ्हाईक अडून बसलंय. आबांची चिठ्ठी आणा, म्हणतं, मग पैसे मोजतो.”

“तू केवढ्याला घेतलंस?”

“सात लाखांना.”

“होते तुझ्याकडे?”

“…शरयूताईनं घर विकलं.”

मुकुंदची ही थोरली बहीण आबांना माहीत होती. नवऱ्यानं टाकलेली. शाळेत घंटा वाजवून आणि वर्ग झाडून तिनं दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. महिनाअखेर त्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या.

कागदावर सही करताना तिनं एकच विचारलं होतं. पुस्तकात आहे ना रे?

माझ्याच पुस्तकात आहे, असं मुकुंदनं छातीठोक सांगितलं होतं.

“अडीचशे हा आकडा तुला कुठे सापडला?” आबांनी विचारलं.

“संस्थानच्या दप्तरात.”

“दप्तराच्या कोणत्या रुमालात बांधलेल्या कागदांत?”

“आता… आठवत नाही.”

“नाणं दाखव.”

मुकुंदनं डबीतून नाणं काढलं. आबांनी भिंग मागितलं नाही. खिडकीच्या उजेडात धरलं, एकदा उलटलं, कडेवरून अंगठा फिरवला.

“काम सुबक आहे.”

मुकुंदच्या जिवात जीव आला. चिठ्ठीसाठी कागद त्यानं आधीच खिशात घालून आणला होता.

“ही कट्यार कसली?” आबांनी विचारलं.

“ती असतेच ना. नावाच्या उजव्या बाजूला, बारीकशी. तीच तर ओळख. दुकानात ती दिसली तेव्हाच माझी खात्री पटली. माझ्या वर्णनाशी तंतोतंत जुळते.”

“तुझ्या वर्णनाशी…”

“हो.”

“माझ्या पुस्तकात कट्यार नाही.”

मुकुंदनं पहिलं पुस्तक पुढे ओढलं. खरंच नव्हती. तिसऱ्यात होती. पण ते तिसरं त्याच्याच पुस्तकावरून मारलेलं, फक्त एक शून्य जास्त पडलेलं, हे तर तोच चारचौघांत सांगत फिरायचा.

“कट्यार तू कुठे पाहिलीस?”

…

उत्तर मुकुंदला सापडलं, आणि न सापडतं तर बरं झालं असतं. अठरा वर्षांपूर्वीची दुपार. टेबलावर आबांचं पुस्तक. नोंद जशीच्या तशी उचलली तर कुणीही ओळखेल, म्हणून त्यानं तीनशेचे अडीचशे केले होते. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून वर एक कट्यार घातली होती. पुढे ती छापलेली इतक्यांदा वाचली, की आपणच घातली हे तो पार विसरला. माणूस स्वतःच्या थापेला इतका भुलतो, असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता.

त्याच्या कट्यारीवरून कुणीतरी बनावट नाण्याचा ठसा कोरला होता. आणि सात लाख देऊन ती त्यानंच घरी आणली होती.

“आबा… तुमचे तीनशे तरी खरे ना?”

आबांनी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

“त्या राजाला तेराव्या वर्षी देवी आल्या. गादीवर बसायच्या आधीच गेलं ते पोर.”

“म्हणजे?”

“राज्यारोहण झालंच नाही.”

“मग हे नाणं…”

“बांध कोरणारा सापडावा म्हणून लोक जमिनीत खुणेचा दगड पुरतात ना… तसं पुरलं होतं मी. माझ्या पुस्तकावर डल्ला मारणारा कळावा म्हणून.”

मुकुंदची मूठ नाण्यावर मिटली.

“कळला?”

“तुझं पुस्तक आलं त्या दिवशी.”

“आणि अठरा वर्षं गप्प बसलात?”

“हो.”

“का, आबा?”

“मला वाटलं… येशील.”

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं. मुकुंदला राग आला, आणि त्या रागातच रडू फुटलं. त्यानं ते लपवलं नाही.

“खोटं आधी तुम्ही लिहिलंत. आणि घर माझ्या ताईचं गेलं.”

“आधी मीच लिहिलं,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

“मग सोडवा आता तुम्हीच. दोन ओळी लिहा. तीनशे लिहा, तुमचेच. आपण दोघं सोडून हे कुणालाही ठाऊक नाही. ताईला घर परत मिळेल, आबा. घेणाराही चांगला माणूस आहे. पुस्तकावर विश्वास ठेवून घेतोय.”

“ताईसारखा…”

मुकुंदनं पुढे केलेला कागद तसाच हातात राहिला. आबांनी तो घेतला नाही, आणि पुन्हा घ्या म्हणायची मुकुंदची हिंमत झाली नाही. त्यानं कागदाची घडी घातली. घडी नीट बसेना, तरी घालत राहिला.



“नव्या आवृत्तीत ती नोंद खोडून टाकतो,” मुकुंद शेवटी म्हणाला. “निदान तेवढं तरी.”

“आता कशी खोडशील? आता ते नाणं आहे.”

मुकुंदनं मुठीतल्या अर्ध्या रुपयाकडे पाहिलं. हाताच्या घामानं तो ओला झाला होता.

“मग किती पाडली म्हणून लिहू?”

“विकणाऱ्याला जाऊन विचार…” आबा म्हणाले. “तू कितवं गिऱ्हाईक.”