बुजवलेली खिडकी आणि पिमबाईंचं मांजर

"मांजर कुठे गेलं?"

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा विचारलं, "इथलं मांजर रे. कुठे गेलं?"

मंदार चपापला. अडीचशे वर्षांचं घर फोटोत असं डौलात उभं, आणि म्हातारा त्यात मांजर शोधतोय!

"पुसलं, काका. कॉम्प्युटरवर."

"आणि धूर?"

"तोही पुसला. घराचं मूळ रूप दिसायला नको का?"

"हं…"

विदरकोम हे इंग्लंडातलं एवढंसं गाव. एक चर्च, एक पब, ओढ्यावर दगडी पूल, आणि कुणाकडे कोण आलं हे पाहुणा दार वाजवायच्या आत सगळ्यांना ठाऊक. डॉक्टर भास्कर गुप्ते तरुणपणी इथे आले ते इथलेच होऊन गेले. गावातलं एक घर नसेल, ज्याच्या आतल्या खोलीपर्यंत ते तपासायची पेटी घेऊन गेले नाहीत. म्हणूनच निवृत्त झाल्यावर गावाच्या इतिहास मंडळानं त्यांना धरून अध्यक्ष केलं.

मंदार टिपणीस पुण्याचा. जुन्या इमारतींच्या जतनाची मोठी पदवी घेऊन आता याच गावात मंडळाच्या घरांची कामं बघणारा. जुनी घरं कशी वाचायची ते शिकवा, म्हणून दर रविवारी डॉक्टरांकडे येऊन बसायचा. पोरगा हुशार, शिकला भराभर. इतका भराभर, की हल्ली डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तोच पुरं करायचा.

फोटोतलं घर मंडळाच्याच मालकीचं. कुणा धान्याच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं. खालच्या दोन खोल्यांत पिमबाई भाड्यानं राहतात. एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घराच्या गल्लीकडच्या भिंतीत एक खिडकी आहे. चौकट आहे, खाली दगडी कट्टा आहे, पण मधे सगळ्या विटा. बुजवलेली.

"एके काळी इथे खिडक्यांवर कर होता, काका."

"होता."

"जितक्या खिडक्या तितका कर. मग लोकांनी काय केलं…"

"बुजवल्या."

"ही त्यातलीच! उद्या सकाळी गवंडी येतोय. आधी चार विटा काढून बघू, मग सगळीच मोकळी करू. इतकी वर्षं मिटलेला डोळा उघडेल हो! तुम्ही फक्त हो म्हणा."

डॉक्टर हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

"भिंत आतून पाहिलीस?"

"आत काय असणार? प्लास्टर, वर फुलाफुलांचा कागद. आणि बाई आधी बस म्हणतात, मग चहा, मग नवऱ्याच्या आठवणी. दोनदा दारातूनच सटकलो."

"त्यांचा दमा कसा आहे आता?"

"ते मला कसं माहीत असणार, काका?"

"थंडीत फार धाप लागते त्यांना. खोली ऊबदार ठेवा, एवढंच मी सांगत आलो…"

"खिडकी झाली की ऊन येईल ना आत."

"हं… कोट घाल. जाऊन येऊ."

दोघे निघाले. पोस्टातल्या बाईंनी पडदा सारून पाहिलं आणि पुन्हा लावला. सावलीतल्या गल्लीत सकाळचं गोठलेलं दहिवर दुपार झाली तरी विरघळलं नव्हतं. पिमबाईंची भिंत पांढरी धोट पडली होती. खिडकीतल्या विटा तेवढ्या कोरड्या, लालबुंद. आणि कट्ट्यावर, अंगाचं मुटकुळं करून, पिवळं मांजर.

मंदारला हसू आलं. "हे बघा तुमचं मांजर. रोज इथेच. एक फोटो धड काढू देत नाही."

डॉक्टरांनी हातमोजे काढून खिशात कोंबले. डावा तळवा भिंतीवर टेकवला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक केली, जन्मभर लोकांच्या छातीवर केली तशी. जरा सरकले. पुन्हा टकटक. मान तिरकी करून ऐकत राहिले.

"काय म्हणतोय पेशंट?" मंदारनं विचारलं.

"तूच बघ. हातमोजा काढ."

मंदारनं तळवा टेकवला. "थंड."

"पुढे सरक."

"थंडच आहे, काका. बर्फ नुसता."

"आता मांजराच्या वर."

मंदारनं हात उचलून खिडकीतल्या विटांवर ठेवला.

…

त्यानं हात काढला नाही.

"काका, ही… ही कोमट आहे."



विटांपलीकडून बारीकसा आवाज आला. कुणीतरी लोखंडी सळईनं निखारे सारखे करत होतं. मग खोकला. मग पुन्हा सळई.

मंदारची नजर भिंतीवरून वर वर चढत गेली. खिडकीच्या अगदी डोक्यावर, छपरातून धुराडं निघालं होतं. त्यातून धूर येत होता. त्यानं पुसलेला.

म्हणजे व्यापाऱ्यानं शेकोटी गल्लीकडच्या भिंतीत घातली, आणि ती बाजू बोडकी दिसू नये म्हणून बाहेरून खिडकीचा नुसता आकार काढून घेतला. बुजवायला ती कधी उघडी होतीच कुठे?

मंदारनं तिथेच गवंड्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. नाही, परवाही नको… नाही हो, पैशांचं काही नाही. माझंच चुकलं."

त्याचा चेहरा एवढासा झाला. गावभर त्यानं त्या मिटलेल्या डोळ्याची गोष्ट सांगितली होती. दर शुक्रवारी पबमधेही.

तेवढ्यात दार उघडलं. शाल गुंडाळलेल्या पिमबाई उंबऱ्यात. "डॉक्टर, आता भिंती तपासायला लागलात? या आत. आणि ह्या पळपुट्यालाही आणा. किटली ठेवलीय."

मंदार पायपुसण्यावर बूट पुसायला लागला. बुटांचे तळ झिजतील इतका वेळ पुसत राहिला. मग खालमानेनं म्हणाला, "म्हणजे काका, ही खिडकी कधी खिडकी नव्हतीच. हिच्यातून कधी कुणाला आतलं दिसलंच नाही."

डॉक्टर आत जाता जाता थांबले. मागे वळून त्यांनी कट्ट्याकडे पाहिलं.

"कुणालाच नाही?… मग मांजराला कसं दिसलं?"