वाढत्या मापाचे बूट

फार मागची गोष्ट. डोंगरातलं एक तळं थंडीत गोठलं, की जनावरं त्यावर हॉकी खेळायची, चेंडूऐवजी चपट्या चकतीनं. पायात पातं लावलेले बूट असायचे. ते साळिंदर शिवायचा, आपल्याच काट्यानं.

अस्वलीण पिल्लाला घेऊन आली. "दादा, वाढत्या मापाचे शिवा. दोन हिवाळे निघाले पाहिजेत."

"वहिनी, दोन हिवाळ्यांत याचा पाय तुमच्याएवढा होईल!"

"मग तेवढेच शिवा."

साळिंदरानं कपाळाला हात लावला आणि शिवले.

सामन्याच्या दिवशी पिल्लू जोरात निघालं, तर पाय वळले एकीकडे, बूट गेले दुसरीकडे. चकती राहिली मागं आणि पिल्लूच गोलात शिरलं! समोरच्या संघातले कोल्हे हसून हसून लोळले.

"आई, मी नाही खेळणार आता," पिल्लू रडायला लागलं.

तेव्हा साळिंदरानं झोळीतून दुसरा जोड काढला, आजच्या पायाच्या मापाचा. तो घालून पिल्लू असं सुटलं, की कोल्ह्यांची तोंडं उघडीच राहिली.

"अन् या मोठ्यांचं काय करू?" अस्वलीण पुटपुटली.

"घाला की तुम्हीच!"

घातले, तर अगदी मापात बसले. त्या दिवसापासून कोल्ह्यांचा गोल राखायला अस्वलीण उभी राहते, आणि पोराची चकती सगळ्यांत आधी अडवते.