भोपळ्याच्या पावलांनी आली गौर

ऐका बायांनो, गौरीची कहाणी. अगदी खरी आहे. गौरीपुढं हात जोडून सांगते, एक अक्षर पदरचं नाही.

आटपाट नगर होतं. म्हणजे होतं खेडंच, पण कहाणीत नगर म्हणायचं असतं. नगराला राणी होती. असावी, मी काही पाहिली नाही. साळू मात्र होती. साळू होती आणि तिची ठकी होती, पुढचे दोन दात पडलेली.

भादवा आला. राणीनं दवंडी पिटवली: गौरीला सोनंच शोभतं. ज्या घरी सोनं नाही त्या घरी गौर मांडायची नाही. मुखवटा राजवाड्यावर आणून द्यायचा.

साळूच्या नाकात चमकीसुद्धा नव्हती. पण घरात गौरीचा पितळी मुखवटा होता, सासूच्या सासूपासूनचा. काय करावं? मनाशी म्हणाली, वर्षातून एकदा गौर माहेरी येते. माहेरी आलेल्या लेकीच्या अंगावर काय आहे ते बघून का कोणी दार लावतं? मग पदर खोचला. हाक मारली, "ठके, चल, गौरीचे दागिने करू."

परसातला भोपळा चिरला. गराची भाजी केली, बिया धुतल्या. बिया ओल्या असतानाच ओवाव्या, वाळल्या की सुईनं चिरतात. मग मायलेकी उंबऱ्यावर बसल्या. बियांना हळद लावली, त्यांची पुतळ्यांची माळ केली. जोंधळा भिजवला, दोऱ्यात ओवला, त्याची नथ केली. कणकेत हळद कालवली, तिच्या बांगड्या वळल्या. ठकीची एक बांगडी झाली चौकोनी.

"चौकोनी बांगडी असते होय गं?"

"माझी असते."

साळू हसली. तीच बांगडी आधी घालायची ठरली.

गौर यायचा दिवस उजाडला. ठकीनं मुखवटा ताटात घेतला, कुंकवाच्या पावलांवरून घरात निघाली. शेजारणी थाळी वाजवीत मागं. आतून साळूनं रीतीप्रमाणं विचारलं, "गौर आली, गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या, असं म्हणायचं असतं. घरात गुंजभर सोनं नसलं तरी सगळ्या बाया सोन्याच्याच म्हणतात. ठकीला ते शिकवायचं राहून गेलं होतं. ती ठणकावून म्हणाली, "भोपळ्याच्या पावलांनी आली!"

थाळी थांबली. शेजारीण म्हणाली, "अगं साळू, अपशकुन झाला. पुन्हा म्हणायला लाव तिला."

"कशाला? जे घेऊन आली ते बोलली. चल ठके, पुढं."

झालं, बातमी राणीच्या कानी गेली. राणीनं शिपाई धाडला. शिपाई म्हणाला, "मुखवटा दे." साळू म्हणाली, "गौर आत्ता आली, पाय धुते आहे. देत नाही." मग दुसऱ्यांदा आला. "मुखवटा दे." "गौर भाजीभाकरी जेवते आहे. भरल्या पानावरून उठवत नाही." मग तिसऱ्यांदा आला. "दे, नाहीतर उचलून नेतो." साळू दारात आडवी बसली. "गौर निजली आहे. राणीला सांग, माहेरवाशिणीला ओढून न्यायचं तर स्वतः ये म्हणावं." शिपायानं आत डोकावलं, चौकोनी बांगडी पाहिली, हसू दाबलं आणि माघारी गेला.

इकडं राजवाड्यात काय झालं? गौर सोन्यानं मढवली होती. ठुशी, तन्मणी, चपलाहार. राणीची धाकटी लेक जवळ आली की राणी ओरडायची, "हात लावू नकोस!" पुरणाचा नैवेद्य वाढला, तशी गौरीची मान कलली. सरळ केली, पुन्हा कलली. सरळ केली, मुखवटा निसटला आणि गडगडत ओसरीवर गेला. गौर उभीच राहीना, तर नैवेद्य दाखवायचा कोणाला? राणी घाबरली. मग लेकीचा हात धरला आणि तरातरा साळूच्या दारी आली. बघते तो साळूची गौर ताठ उभी.

"काय गं केलंस माझ्या गौरीला?"

"मी कशाला काय करू? दमली असेल, राणीसाहेब. एवढं ओझं घेऊन माहेरी कोण येतं?"

"मग तुझी कशी उभी?"

"माझीला माझ्या लेकीनं नटवलं. तुमच्या लेकीचा हात लागला का तुमच्या गौरीला?"

 राणीच्या पदराआडून राजकन्या म्हणाली, "आई लावूच देत नाही."

ठकीनं तिला सुई दिली. "ये. बोट टोचेल हं. रडायचं नाही."

मग राजकन्येनं माळ ओवली. मग राणीही बसली. तिच्याच बोटात सुई गेली. "रडायचं नाही," ठकी म्हणाली. घरी जाऊन राणीनं सोनं उतरवलं, वाकडीतिकडी माळ घातली, मुखवटा ठेवला. गौर तसूभर हलली नाही. राणीनं दवंडी मागं घेतली. साळूनं वसा सांगितला: दरसाल एक तरी दागिना लेकराच्या हातचा करावा. घरात लेकरू नसलं तर शेजारचं बोलवावं. वाकडा झाला तर सरळ करू नये, कोणी हसलं तर काढू नये.

साळूच्या घरी गौर जशी ताठ उभी राहिली, तशी तुमच्याआमच्या घरी राहो. साठां उत्तरांची होती, पांचांत आटोपली, कहाणी फळाला आली.

आता उठण्याआधी सांगते. मुखवटा गडगडला, ते मी रचलं. राणी नव्हतीच, गावची पाटलीण होती, आणि ती काही बिया ओवायला आली नाही. अजूनही साळूला बघून तोंड फिरवते. पण मुखवटा न्यायला तिचा गडी तीनदा आला आणि तीनदा रिकाम्या हातानं गेला, ते खरं. ठकीचं उत्तर खरं. त्या आळीत दरसाल सगळ्या बाया तेच उत्तर देतात, पाटलिणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

आणि बांगडी चौकोनीच होती.