दर्ग्याच्या जाळीवरचा निळा दोरा

“...पण बाबा, एवढी मारामारी करावी असं ते कॉलेज असतं का? खरं सांगा.”

लतीफबाबा दर्ग्याच्या पायरीवर पायमोजे वाळत घालत होते. हो, फकिरालाही पायमोजे लागतात. थंडी काही दाढी बघून सूट देत नाही.

विचारणारा होता मन्मथ बिराजदार. राज्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या मेडिकल कॉलेजात नुकताच नंबर लागलेला. क्लासवाल्यांनी चौकात त्याचा फोटो एवढा मोठा लावला होता, की त्याच्या आईनं आधी हात जोडले आणि मग पोरगा ओळखला.

“तुला मिळालं ना?”

“मिळालं.”

“मग मला काय विचारतोस? मी चौथीत नापास.”

मन्मथ हसला. हुशार पोरांना मोठ्या माणसांचं नापास होणं फार आवडतं.

“आधी दोरा सोड,” बाबा म्हणाले. “मग बोलू.”

तिथली रीतच तशी. मागणं मागताना दगडी जाळीला दोरा बांधायचा, मागणं पुरं झालं की येऊन सोडायचा. आपला आपणच. दुसऱ्याच्या दोऱ्याला हात लावायचा नाही, नाहीतर त्याचं मागणं वाया जातं म्हणतात. गावात क्लास वाढले तसे दोरे वाढले. आता त्या जाळीतून आत उजेडही नीट जात नाही.

मन्मथला त्याचा निळा दोरा सापडला. त्याच्यावर एक पिवळा आवळून बांधलेला होता.

त्याचा हात थांबला.

“काय झालं?”

“हा बालाजीचा. माझा रूममेट. आम्ही बरोबरच बांधले. त्यानं मुद्दाम माझ्यावर गाठ मारली. म्हणाला, सोडायलाही बरोबरच येऊ.”

“मग आणायचास त्याला.”

“त्याचा नंबर नाही लागला, बाबा. थोडक्यात हुकला. त्याच्या घरी भेटायला गेलो होतो. त्याचे वडील म्हणाले, झोपलाय. भरदुपारी. मागं वळून बघितलं तर खिडकीत उभा होता. मी हात केला... त्यानं पडदा ओढला.”

बाबांनी पायमोजा पिळला. त्यात पाणी उरलेलं नव्हतं, तरी पिळला.

“यात माझी काय चूक?” मन्मथ म्हणाला. “मी मेहनत केली. त्याचं काही हिसकावून घेतलं नाही.”

“मी असं म्हटलं?”

“नाही.”

“मग कुणाला सांगतोयस?”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मन्मथचे वडील पेढ्यांचे बॉक्स मांडीवर घेऊन बसले होते. फोटो काढल्याशिवाय कुणाला पेढा मिळणार नव्हता.

“शेवटी शेवटी तो फिजिक्स विचारायला माझ्या खाटेपाशी यायचा,” मन्मथ हळूच म्हणाला. “मी डोळे मिटून पडायचो. झोप लागल्यासारखं. तो जरा वेळ उभा राहायचा... मग दिवा बंद करून आपल्या खाटेवर जायचा. माझी झोपमोड नको म्हणून. मला वाटायचं, त्याला समजावण्यात माझा वेळ जाईल. तो पुढं जाईल.”

“हं.”

“त्याचा दोरा सोडल्याशिवाय माझा निघत नाही, बाबा.”

“दिसतंय.”

“खालनं कापला तर?”

“दोन्ही पडतील.”

मन्मथनं पिवळ्या गाठीला बोट लावलं. लगेच काढून घेतलं, तवा तापलेला असावा तसं. हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला जरा रागानं.

“राहू दे,” तो शेवटी म्हणाला. “त्याचा राहतोय, तर माझाही राहू दे.”

“बरं.”

“पण बाबा, मी कॉलेजचं विचारलं त्याचं काय? तुम्ही मग बोलू म्हणाला होतात.”

लतीफबाबांनी पायमोजे उचलून खांद्यावर टाकले.

“इथं दोरा ठेवून तेच जातात, लेकरा... ज्यांना मिळालेलं नसतं.”