वाटेकडे तोंड केलेली कुटी

"एकटे म्हणजे, बुवा, अगदी एकटे?"

धोंडीबुवा पुढे चालत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"एकटेच."

"बारा वर्षं?"

"बारा. शेवटची चार वर्षं मी आठवड्यातून एकदा वर जायचो. भाकऱ्या पोचवायला."

प्राध्यापक हेरंब साठ्ये यांना हे उत्तर आवडलं. निजानंदस्वामींवर त्यांनी तीनशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. त्याचं नाव 'निःसंग'. ज्याला कोणीही लागत नाही असा माणूस, हा त्या ग्रंथाचा गाभा.

महिन्यापूर्वी त्यांनी कॉलेजची नोकरी सोडली होती. आज पाठीवर सॅक होती आणि सॅकमध्ये सहा महिन्यांचं सामान. स्वामींच्या कुटीत त्यांना राहायचं होतं. कुटीची देखभाल धोंडीबुवांकडे होती, आणि त्यांच्या होकाराशिवाय तिथे कोणी मुक्काम करत नसे.

"आधी बघून घ्या," बुवा एवढंच म्हणाले होते.

सकाळी सातला दोघे वाडीतून निघाले. वाट नदीच्या कडेकडेने वर चढत होती. दिवस थंडीचे. पाणी कमी, पण वाहतं होतं. वाटेत कोणी भेटलं नाही.

दोन तासांनी वाट पाण्यात उतरली. पलीकडे जायचं होतं.

बुवांनी काठावर थांबून हात पुढे केला. साठ्यांना वाटलं, आपल्यासाठीच केलाय.

"नको बुवा. मी येईन एकटा."

"मला लागतो," बुवा म्हणाले. "गुडघे गेलेत."

साठ्यांनी हात धरला. तसेच दोघे पलीकडे गेले.

कुटी दिसली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काळ्या दगडाच्या चार भिंती, वर गंजलेला पत्रा. बाहेर एक पाटी, तिच्यावर स्वामींचं नाव आणि साल. रविवारी शहरातून लोक येतात, फोटो काढतात, डबे खातात आणि उन्हं उतरायच्या आत परत जातात. आज रविवार नव्हता.

साठ्यांनी सॅक खाली ठेवली आणि कुटीला एक फेरी मारली. मग दुसरी.

मागे धबधबा होता. उजवीकडे कडा, इतका सरळ की मान मोडेपर्यंत वर बघावं. डावीकडे दरी पार क्षितिजापर्यंत उघडी. पण त्या तिन्ही बाजूंच्या भिंती बंद होत्या. साधा झरोकाही नव्हता.

दार एकच होतं. ते आले त्या पायवाटेकडे उघडणारं.

"ही बांधली कोणी?"

"स्वामींनीच. स्वतःच्या हातांनी."

"मग दार इकडे का? नदीवर शंभर पदं आहेत त्यांची. आणि नदीकडे पाठ?"

बुवांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

"बसा."

साठ्ये बसले. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता.

"काय दिसतं?"

"पायवाट."

"आणखी?"

"त्या खडकापाशी वळते. पुढचं दिसत नाही."

"बसून राहा," बुवा म्हणाले, आणि भिंतीच्या सावलीत जाऊन आडवे झाले.

साठ्ये बसले. पहिला अर्धा तास त्यांना छान वाटलं. मनात ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावनाही जुळू लागली. मग ती थांबली. मागे धबधब्याचा आवाज येत होता. पुढे रिकामी वाट होती. ऊन सरकत पायापर्यंत आलं.

त्या वाटेवर काहीच नव्हतं... आणि नजर तिथून हलत नव्हती.

खडकापाशी काहीतरी हललं.

एक तांबडी कालवड होती. चुकलेली असावी. ती थोडी पुढे आली, थबकली, आणि बाजूच्या झुडपांत शिरली.

तेव्हा साठ्यांच्या लक्षात आलं, आपण उभे आहोत. एक हात चौकटीवर होता, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर पडलेला.

बुवा जागे होते. बघत होते.

"स्वामीही उठायचे," ते म्हणाले. "मी भाकऱ्या घेऊन त्या वळणावर आलो की ते असेच उभे दिसायचे. मी आहे हे कळलं की खाली बसायचे."

साठ्यांनी बाहेरचा पाय आत घेतला.

"चार वर्षं," बुवा म्हणाले. "दर खेपेला."

"कोणाची वाट बघत होते?"

"विचारलं नाही."

"चार वर्षांत एकदाही नाही?"

बुवा उठून बसले. धोतराला लागलेलं गवत त्यांनी एकेक करून काढलं.

"माझी नव्हती, एवढं दिसत होतं... पुढचं ऐकायची हिंमत झाली नाही."

साठ्ये पुन्हा उंबऱ्यावर बसले. तीनशे पानांत हे कुठेच नव्हतं. दगड बसायला बरोबर मापाचा होता, आणि त्याचं त्यांना भय वाटलं.

"तुम्हाला कोण वाटलं मघाशी?" बुवांनी विचारलं.

साठ्यांनी वाटेवरची नजर काढली नाही.

"नलिनी... माझी बायको."

"येणार आहेत?"

"नाही. ती माहेरी गेली होती, तेव्हा निघालो मी. मी कुठे आहे, तिला ठाऊक नाही."

बुवांनी मान हलवली. मग आत चुलीपाशी जाऊन कोपऱ्यातला केरसुणीचा बुडखा उचलला आणि कुटी झाडायला लागले. आतून बाहेर, सावकाश, साठ्यांना वळसा घालून. धूळ वाटेवर गेली आणि बसली.

साठ्यांचा आवाज आता लहान झाला होता.

"बुवा, मी इथे राहू का?"

"राहा की," बुवा म्हणाले. "फक्त जिची वाट बघणार, तिला आधी सांगून या."